समोरच्या दाताचे मार्क

९ फेब्रुवारी, सोमवार

माफ कर. फार उशिरा लिहितोय. नोव्हेंबरात शेवटचं पान भरलं, त्यानंतर थेट आज. पेन सापडत नव्हतं असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं? पेन खिशातच होतं. घडत काही नव्हतं. आणि माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला काही घडल्याशिवाय लिहिता येत नाही.

आज घडलं. लेकीचा फोन आला. पुढच्या सोमवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचं, तिनं नंबर लावून ठेवलाय!

"माझं काही दुखत नाही," म्हटलं.

"म्हणूनच जायचं. साधी तपासणी आहे. बघतील, सांगतील, सोडतील."

"दुखत नसताना दात दाखवतात का कोणी?"

"बाबा, तहान लागल्यावर विहीर खोदायची असते का?"

हे तिच्या आईचं वाक्य आहे. दोघी मिळून मला ऐकवतात. रविवारी लेक आली होती तेव्हा मी सफरचंद चावलं आणि त्याच्या पांढऱ्या भागावर लाल रेघ उमटली. मी पटकन फोड उलटी केली. पण लेकीची नजर घारीची.

तिला एक दिसलं नाही — वरचा समोरचा दात हलतो. डावीकडचा. जिभेनं ढकलला की दार लोटल्यासारखा पुढे जातो आणि परत येतो. मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.

आता माणूस म्हणेल, एक दात तर आहे! गेला तर गेला! पण माझा दात नुसता माझा नाही. हिला ऐकू येत नाही. दहा-बारा वर्षांत कान हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग लेकीचा आवाज, आणि शेवटी माझा. आता ती माझं तोंड बघते आणि समजते. लेकीचं तिला अर्धं कळतं, शेजारणीचं पाव. माझं सगळं कळतं. कारण सरावच तसा. मी खुर्च्या-सोफ्यांना रेक्झिन चढवायचो. चुका, म्हणजे ते बारीक खिळे, मूठभर ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा. त्या खिळ्यांतूनच मी बोलायचो आणि ही त्यातूनच वाचायची. तेव्हा कान शाबूत होते तरी आवाज कुठे फुटायचा माझा! आधी माझ्या तोंडात चुका म्हणून, आता तिला कान नाहीत म्हणून. एकूण काय, आमचा संसार माझ्या ओठादातांवर चालतो.

दात गेले, तोंड बसलं, तर ती काय वाचणार?

१० फेब्रुवारी

डावीकडून जेवलो. उजवीकडून जेवलो. कुठेच दुखत नाही. मग जायचं कशाला!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बागेतल्या बाकावर कंडक्टर भेटला. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात. त्याला विचारलं, तपासणीत करतात काय? विचारायला नको होतं.

"मीसुद्धा नुसतं दाखवायला गेलो होतो," म्हणाला. "एक काढू म्हणाले. म्हटलं काढा. मग त्याच्या शेजारचा. मग शेजारच्याला एकटं वाटतंय म्हणून पुढचा. शेवटचा स्टॉप येईपर्यंत सगळे उतरवले!"

आणि कवळी काढून हातात धरली. "ही नवी गाडी. बघ, सगळ्या सीटा एकसारख्या."

कवळी बाहेर आल्याबरोबर त्याचा चेहरा रिकाम्या पिशवीसारखा झाला. तो पुढे पुष्कळ बोलला. मला कान आहेत, तरी मला एक अक्षर कळलं नाही.

घरी आलो. ही म्हणाली, "चेहरा का उतरलाय?" ही बोलते ते अगदी हळू. बहिरी माणसं ओरडून बोलतात म्हणतात, ही कुजबुजते. मी म्हटलं, ऊन लागलं.

"बागेत सावली आहे," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

उद्या. लेकीला फोन करून सर्दी झाली म्हणालो. "मग नाक धरून जा," म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जाऊन आलो. क्रमानं लिहितो, नाहीतर सगळं एकात एक होईल.

दुसऱ्या मजल्यावर दवाखाना. खाली चपलांचं दुकान. बाहेरच्या खोलीत ही माझ्याशेजारी बसली. आतून यंत्राचा शिट्टीसारखा आवाज येत होता. मी दाराकडे सरकून बसलो. ही निवांत मासिकातली चित्रं बघत होती! आयुष्यात पहिल्यांदा तिचा हेवा वाटला.

डॉक्टर म्हणजे लेकीहूनही लहान बाई. तोंडाला मास्क, डोळे तेवढे दिसतात. हिनं आत येऊन तिच्या मास्ककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "मी बाहेरच बरी" म्हणून गेली. भिंतीकडे बघून काय समजणार!

खुर्ची मात्र छान. हात आपोआप शिवणीवर गेला. रेक्झिन जाड, टाके सरळ, पण मानेखालच्या उशीत फोम कमी. बाई म्हणाली, "काका, सैल बसा." म्हटलं सैलच बसलोय. खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले होते.

आधी प्रश्न. रक्तदाबाची गोळी? हो. साखर? नाही. तंबाखू? नाही. कधी दात दाखवले होते? म्हटलं, आज. हिरव्या टोपीतली मदतनीस हसली.

"दुखलं की डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

मी वर्गातसुद्धा कधी हात वर केला नव्हता.

मग दिवा, छोटा आरसा. जीभ फडक्यात धरून इकडे ओढली, तिकडे ओढली, जिभेखाली बघितलं, गालांच्या आत, टाळूला. बाहेरून गळा चाचपला. प्रत्येक ठिकाणी "छान" म्हणत होती. मग समोरच्या दाताच्या कडेला थांबली.

"इथे खाच पडलीय. कशानं?"

"चुका," म्हटलं. तोंडात आरसा असताना जमेल तसं.

"काय?"

"चुका धरायचो. तोंडात. रोज. चाळीस वर्षं."

तिचे डोळे मऊ झाले. "अहो काका, चुका सगळ्यांच्याच होतात."

मी हात वर केला. दुखलं म्हणून नाही, समजवायला. खिळे म्हटल्यावर दोघी इतक्या हसल्या की दिवा हलला.

मग हसणं संपलं. बाईनं एक बारीक सळी घेतली. दातादाताच्या कडेनं हिरडीत टोचत चालली आणि मोठ्यानं आकडे सांगत गेली. हिरवी टोपी लिहून घेत होती.

"तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. दोन, दोन, दोन."

मी छताकडे बघत होतो. मार्क! माझ्या दातांचे मार्क! आणि दोन-दोन, तीन-तीन! मागच्या दाढेपासून सुरू झाली, एकही पुढे सरकेना. समोरच्या दाताशी आली तेव्हा म्हणाली, "सहा. पाच. सहा." माझ्या जिवात जीव आला. मग परत दोन-तीन, दोन-तीन.

शेवटी तोंडात एक चपटी पट्टी धरायला दिली, "दाबून ठेवा" म्हणाल्या, आणि दोघी मला एकट्याला सोडून दाराबाहेर पळाल्या. ठक् झालं. फोटो म्हणे.

"फोटो नीट बघते. पुढच्या सोमवारी या, सविस्तर बोलू." बाहेर पुढचा पेशंट गाल धरून उभा होता. मला विचारायचं होतं — किती काढणार? पण तो आत गेला आणि मी बाहेर.

जिन्यात ही म्हणाली, "काय म्हणाली?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला एवढा वेळ?"

१७ फेब्रुवारी

चौथीत गणितात तीन पडले होते. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवले. त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच. आणि आता म्हातारपणी दातांनी तेच करून दाखवलं! खाण तशी माती.

सकाळपासून हिशोब करतोय. दहापैकी असतील. दहापैकी दोन म्हणजे नापासच. तीन म्हणजे ढकलून. दाढा सगळ्या नापास. त्या काढणार हे उघड आहे. पण समोरचा सहा! हलतो, खाच पडलीय, तरी बिचारा वर्गात पहिला. मालकावर गेला नाही तो.

दाढा गेल्या तर गेल्या. दाढा हिला दिसत नाहीत. मऊ भात खाईन. समोरचा राहिला की बोलणं राहिलं.

असा धीर धरतोय. पण गाल बसतील त्याचं काय? कंडक्टरचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज एक प्रयोग केला. करायला नको होता.

वायरीला लावायची काळी चिकटपट्टी असते, तिचा नखाएवढा तुकडा समोरच्या दातावर चिकटवला. आरशात बघितलं — तिथे अंधार. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, हिच्याकडे तोंड करून म्हटलं, "फणी कुठाय?"

तिनं पाणी आणून दिलं.

प्यालो. परत म्हटलं, फणी. तिनं तांब्याच भरून आणला. "आज एवढी तहान? साखर वाढली की काय!"

डोक्यावरून हात फिरवून दाखवला तेव्हा म्हणाली, "फणी होय! असलेल्या चार केसांना रांगेत उभं करायला?"

मी हसलो नाही. 'फ'ला वरचा दात खालच्या ओठावर टेकतो. 'व'ला पण. तो दिसला नाही तर 'फ'चा 'प' होतो. एका दातानं एवढं! आणि मी किती बोलतो तिच्याशी दिवसभर. पेपर वाचून दाखवतो. लेकीचा फोन आला की लेक माझ्या कानात बोलते आणि मी हिच्यासमोर तोंड हलवतो, शब्दाला शब्द. लेकीची भांडणंसुद्धा माझ्याच तोंडून होतात! नातीची गाणीसुद्धा.

पट्टी काढताना दात केवढा हलला.

२० फेब्रुवारी

सहा मार्क आहेत त्याला. सहा. काही होत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं उलटं निघालं! सगळं!

आज ठरवूनच गेलो, एकटाच. खुर्चीत बसण्याआधी विचारलं, "बाई, एकदा सांगून टाका. किती काढणार?"

"काय काढणार?"

"दात. दोन-तीन मार्कांचे सगळे?"

तिला आधी कळेचना. मग तिनं ती सळी माझ्या हातात दिली. तिच्यावर बारीक काळ्या रेघा. पट्टी आहे ती, मोजपट्टी! दात आणि हिरडीच्या मधे किती खोल जाते ते मोजायचं. दोन, तीन म्हणजे हिरडी घट्ट धरून आहे.

"काका, यात कमी मार्क तेच चांगले."

"म्हणजे दोनवाला पास?"

"पहिल्या वर्गात पास! तुमच्या दाढा बघून मला आश्चर्य वाटलं. कोणतं मंजन लावता?"

मी मोठ्यानं हसलो. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा कोणी सांगितलं की मी पास! दाढा शाबूत, एकसुद्धा काढायची नाही. आठवडाभर सराव म्हणून मऊ भात गिळला तो फुकट! उठून थेट घरी जाऊन हिला सांगावंसं वाटलं.

आणि मग आठवलं. सहा.

"बाई, आणि सहावाला?"

तिनं काळा फोटो उजेडात धरला. दात म्हणजे खुंटा दिसतो, आणि भोवती हाड. शेजारच्या दातांभोवती हाड गळ्यापर्यंत. सहावाल्याभोवती मागे सरलेलं, काठावरची माती वाहून गेल्यासारखं. खिळ्यांनी वर्षानुवर्षं ढकलला म्हणाली, त्यात मागे कीटण साठलं, हिरडी सुटली. "दुखत नाही म्हणून कळत नाही. तुमच्या मुलीनं वेळेत पाठवलं."

म्हटलं, "तो काढू नका. बाकीचे काढा हवे तर."

"काका, हट्ट काय? एकच दात आहे. गेला तर दुसरा बसवता येतो."

"तो माझा नाही, बाई. बायकोचा आहे."

तिनं हात थांबवला. मग मी सांगितलं. फणी आणि पाणीसुद्धा. हिरव्या टोपीतलीनं लिहिणं थांबवलं.

बाईनं मास्क खाली ओढला. तिचं तोंड मी आज पहिल्यांदा बघितलं. पुढच्या दोन दातांत फट आहे तिच्या. म्हणाली, "शब्द देत नाही. प्रयत्न करते. आज हिरडीखालून साफ करू. मग महिनाभर मी सांगते तसं घासायचं. हिरडीनं परत धरलं तर ठेवू."

सुई टोचली. मुंगी चावली इतकंच. मग शिट्टी, पाणी, खरवडणं. मी हात वर केला नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुईनं वरचा ओठ बधिर झाला होता. घराशी आल्यावर हिला दाढांची आनंदाची बातमी सांगायला तोंड उघडलं, तर ओठ एका बाजूला लोंबला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी टाकली. "अहो! तोंड वाकडं झालं!" मला सोफ्यावर आडवं केलं, पायाखाली उशा, शेजारणीला हाक. मी सांगतोय, सुई, सुई! तिला दिसतंय नुसतं वाकडं तोंड. तोंड जितकं जास्त हलवलं तितकी ती जास्त घाबरली.

शेवटी पेपरच्या कडेला लिहून दाखवलं. "सुई दिलीय. उतरेल."

तिनं वाचलं आणि उशा काढून घेतल्या. "आधी लिहायला काय झालं होतं? जीव गेला माझा." मग चहा दिला. अर्धा सदऱ्यावर सांडला.

२७ फेब्रुवारी

ब्रश धरणं नव्यानं शिकलो. बाईनं प्लास्टिकचा मोठा जबडा हातात देऊन शिकवलं. आडवं खसाखसा घासायचं नाही. हिरडीकडून तिरका धरून, हलक्या हातानं, गोल गोल. मखमल झाडतात तसं. हे मला कळलं. मखमल आडवी घासली की संपली.

दातांच्या मधे घालायचा बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लूही दिलंय.

३ मार्च

रक्त आलं. बाई म्हणाली होती, पहिले दिवस येईल, घाबरू नका. घाबरलो.

८ मार्च, रविवार

आज रक्त नाही.

पण पकडला गेलो. आरशासमोर "फणी, वही, फळी, विहीर" म्हणत होतो, जिभेनं दात मागून दाबून धरून. मागे ही उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"दात हलतोय ना?"

मी नाही म्हटलं.

"खोटं बोलता तेव्हा तुमची डावी भुवई वर जाते. लग्नापासून जाते."

मग सांगावंच लागलं. सगळं. कंडक्टर, काळी पट्टी, मार्क, तोंड बसलं तर तुला माझं कळणार नाही, मग तू घरात एकटी पडशील... बोलताना माझंच तोंड थरथरायला लागलं. तिला कितपत वाचता आलं देव जाणे.

ती पलंगावर बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती!

"म्हणून त्या दिवशी तीन तांबे पाणी प्यालात?"

"दोन."

"अहो, मी काय नुसते दात बघते का? भुवया बघते. मान बघते. चिडलात की कान हलतात तुमचे, माहीत आहे?" मग जरा थांबून म्हणाली, "'फ' मात्र दातामुळे कळतो. ते खरं. पण एका अक्षरासाठी एवढं? 'फ' नसला तरी संसार होतो."

मी म्हटलं, "आणि 'व'?"

"'व'चं बघू," म्हणाली. मग उठून गेली. दारातून परत आली आणि माझी हनुवटी दोन बोटांत धरून त्या दाताकडे बघत राहिली.

१९ मार्च

जीभ लावत नाही दाताला. बाईनं सांगितलंय, सारखं हलवून बघायचं नाही. फार अवघड आहे! खपली काढू नको म्हटलं की हात तिथेच जातो.

३० मार्च, सोमवार

निकालाचा दिवस.

हीपण आत आली. बाईनं काय केलं असेल? हात धुतले, मास्क उतरवला, हिच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "मी — आता — मोजणार — आहे." हिला कळलं! मान हलवली. मला म्हणाली, "पोरीच्या दातांत फट आहे. त्यामुळे छान कळतं."

आडवा झालो. सळी आली. मी डोळे मिटले.

"चार. तीन. चार."

कमी! कमी मार्क!

बाईनं दोन बोटांत दात धरून हलवला. "हलतोय अजून, पण जवळपास निम्मा. हिरडीनं धरलंय." मग मागच्या बाजूनं केसाएवढी तार चिकटवून त्याला दोन्हीकडच्या दातांशी जोडून दिलं. पुढून दिसत नाही. दोन शेजाऱ्यांनी खांद्यावर हात टाकून उभा केलाय गडी. म्हणाली, तार सुटली तर या, कडक फोडायला हा दात वापरू नका, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आयुष्यभर टिकेल का ते सांगत नाही, पण आता काढायचं कारण नाही.

उठून बसलो आणि हिच्याकडे तोंड करून म्हटलं, "फणी."

"आहे पर्समध्ये," म्हणाली. "देऊ?"

हिरवी टोपी डोळे पुसत होती. उगीच!

निघताना बाईनं परत मास्क उतरवून हिला विचारलं, तुम्ही कधी दात दाखवले? ही म्हणाली, "माझं काही दुखत नाही."

मी मोठ्यानं म्हटलं, "तहान लागल्यावर विहीर खोदायची असते का?" मोठ्यानं म्हणून काय उपयोग! पण भुवयांसकट म्हटलं. पुढच्या सोमवारचा नंबर लागला.

५ एप्रिल

ही उद्याला नाही म्हणतेय. दाढ दुखत नाही, आणि सकाळपासून सर्दी आहे म्हणे. लेकीनं माझ्या तोंडून कळवलं — नाक धरून जा.

६ एप्रिल, सोमवार

हिचे दात पाहिले, मोजले, सगळे बरे. मग साफ करायला बाईनं त्या शिट्टीच्या यंत्राची सळी लावली. लावल्याबरोबर हिचा डावा हात ताडकन वर.

"दुखलं?"

ही मान हलवते, नाही. डोळे एवढे मोठे. "पुन्हा लावा."

लावली. काढली. लावली.

"आवाज येतो," म्हणाली. "शिट्टी वाजते. इथे, आत. काढली की बंद होते. अहो, शिट्टी!"

बाईनं मास्क खाली ओढला. आधी हिला सावकाश, मग मला सांगितलं. यंत्राचा आवाज दातातून हाडात जातो आणि हाडातून आतल्या कानात. तिला तो ऐकू येतोय म्हणजे आतला कान कदाचित जागा आहे. अडलंय ते कदाचित वाटेत. मी कानाची डॉक्टर नाही, म्हणाली, शब्द देत नाही, पण कान आधी कोणी तपासले होते का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकदा खोकल्याच्या डॉक्टरनं जाता जाता "वयानं होतं" म्हटलं होतं. आम्ही तेच धरून बसलो.

तिथूनच कानाच्या दवाखान्यात फोन लावला. वार आणि वेळ फोन करून कळवतो म्हणाले. घरी आल्यापासून ही खिडकीत बसलीय, चमचा दातांत धरून त्याला नखानं टिचकी मारतेय आणि हसतेय. मी फोन मांडीवर घेऊन बसलोय. हलत नाही इथून. जे कोणी तिकडे असाल ते — लवकर कळवा हो. फार वाट बघतोय.